सरांच्या फळ्याचा उजवा कोपरा

स्मरणिका समितीने ‘शाळेविषयी चार शब्द लिहा’ असं कळवलं. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. ग्राउंड, गॅदरिंग, सायकल स्टँडवरची भांडणं, सगळं येईल. मी फक्त इंग्रजीच्या सरांवर लिहिणार आहे. नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोणते ते सगळ्यांना कळतं.

पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. आठवीपर्यंत आमचं इंग्रजी म्हणजे गाइडच्या मागचे कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ, रात्री पाठ केलेले आणि सकाळी विसरलेले. सरांनी पहिल्याच तासाला गाइडं दप्तरात ठेवायला लावली आणि फळ्याचा उजवा कोपरा चौकट आखून राखून ठेवला. त्या चौकटीत रोज एक मूळ. मॉनिटरला सक्त ताकीद, बाकी फळा पुस, कोपऱ्याला हात लावायचा नाही.

‘पेड’ म्हणजे पाय, आपला ‘पद’ त्याचाच सख्खा भाऊ, असं सर सांगायचे. मग त्याचं खानदान यायचं. पेडल, पेडेस्ट्रियन, बायपेड हे कोणालाही सुचतील. पण इम्पीड म्हणजे पायात बेडी पडणं आणि एक्स्पिडाइट म्हणजे ती बेडी सुटणं, हे कळल्यावर ते दोन शब्द विसरायची सोयच राहिली नाही. प्रत्येक शब्दाचं स्वतःचं वाक्य करायचं, आणि तेही नागपूरचं. ‘सीताबर्डीवरची गर्दी इम्पीड करते’ असलं काहीतरी आम्ही लिहायचो. सर हसायचे आणि बरोबरची खूण करायचे.

एकाने त्याच खानदानात ‘पेडियाट्रिक्स’ घुसवला. सर म्हणाले, “हा आपल्या घरचा नाही. चेहरा सारखा आहे म्हणून आत घेऊ नका, आधी डिक्शनरीत चौकशी करा.” तो शब्द ग्रीक, आणि त्याचं मूळ ‘मूल, लेकरू’ या अर्थाचं. आज माझ्या दवाखान्याच्या पाटीवर तोच शब्द आहे.

आता संत्र्याची गोष्ट. आमच्या बॅचला ती ठाऊक आहे, नंतरच्यांसाठी सांगतो. नववीचं वर्ष, फेब्रुवारी संपत आलेला, मृग बहाराची संत्री बाजारात आलेली. शेवटच्या बाकावरच्या एकाने डेस्कखाली संत्रा सोलला. सालीचा वास लपतो थोडाच! सर लिहिता लिहिता थांबले. “काय खाऊन राहिला रे?” तो उभा राहिला, हातात अर्धा संत्रा. आम्हाला वाटलं, आता डस्टर येतो. सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावलं, संत्रा टेबलावर ठेवायला लावला आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘नारंग’. संस्कृतातला हा शब्द फारसीत गेला, तिथून अरबीत ‘नारंज’ झाला. स्पॅनिशमध्ये ‘नारांजा’ म्हणून पोचला तोवर पहिला न शाबूत होता. इटली-फ्रान्सच्या वाटेवर तो गळाला आणि इंग्रजांच्या हाती ‘ऑरेंज’ पडला. मग सरांनी तशीच इंग्रजीतली गंमत दाखवली. ‘एप्रन’ हा आधी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांनी त्याचा न शेजारच्या ‘अ’ला चिकटवला आणि ‘अॅन एप्रन’ झाला. तास संपेपर्यंत त्या संत्र्याच्या फोडी पहिल्या दोन बाकांवर वाटून झाल्या होत्या, मागच्यांना सालं मिळाली. एकीने विचारलं, “सर, पण आपण तर संत्रा म्हणतो, तो कुठून आला?” “पुढच्या तासाला,” सर म्हणाले. तो पुढचा तास अजून यायचा आहे.

बारावीनंतर मेडिकलला गेलो. मराठी माध्यमाची आम्ही पोरं, पहिल्या आठवड्यात अॅनाटॉमीचं पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. मला कमी फुटला, याचं श्रेय पूर्णपणे सरांचं. ‘टॉम’ म्हणजे कापणं, म्हणून अॅटम म्हणजे न कापता येणारा, आणि त्यातला ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधलाच, हे आम्ही नववीतच लिहून घेतलं होतं. त्यामुळे कोलोटॉमी म्हणजे मोठं आतडं कापून उघडणं, कोलेक्टॉमी म्हणजे ते कापून काढणं, आणि कोलोस्टॉमी म्हणजे त्याला पोटावर तोंड करून देणं, कारण ‘स्टोमा’ म्हणजे तोंड, ही तिन्ही कधी एकमेकांत मिसळली नाहीत. हायपर म्हणजे जास्त, वरचा आणि हायपो म्हणजे कमी, खालचा, यांत तर वर्गातले इंग्रजी माध्यमवालेही गोंधळायचे. मी मनात ‘उपरि’ आणि ‘उप’ म्हणायचो. हे नातं सरांनीच जुळवून दिलं होतं, आणि भाषाशास्त्रातही ते पक्कं आहे.

दवाखान्यात येणारी पोरं आता फाडफाड इंग्रजी बोलतात. चांगलंच आहे. शब्द अडला की फोनवर अर्थ बघतात आणि पुढे जातात. खानदानाची चौकशी करायला कोणी थांबत नाही. मध्ये शाळेत आलो होतो. आपल्या वर्गात पांढरा बोर्ड आणि प्रोजेक्टर आहे, कोपरा राखायला जागाच नाही. मुख्याध्यापकबाईंनी कौतुकाने सगळं दाखवलं, मीही कौतुक केलं.

सरांनी पुस्तक लिहिलं नाही. जे काही आहे ते आपल्या दोनशेपानी वह्यांमध्ये. माझ्या वहीची सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली, ‘पेड’पासून पुढचं शाबूत आहे, ती मी ग्रंथालयात देतो आहे. ज्यांच्याकडे आधीची पानं असतील त्यांनी झेरॉक्स तरी पाठवावी. आणि ‘संत्रा’ कुणी उतरवून घेतला असेल, तर तेवढं पान आधी पाठवा.