दार बसतंय का? एका ब्रिटिश गाडीच्या कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती करताना

२०१९ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये, सोहोतल्या एका एडिटिंग स्टुडिओत मला एक काम मिळालं. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, उघडून नीट करायच्या आणि विकायच्या, असा एक ब्रिटिश टीव्ही कार्यक्रम होता. त्याचे सहा भाग एका अमेरिकन वाहिनीनं घेतले होते आणि तिथल्या प्रेक्षकांसाठी ते नव्यानं बांधून द्यायचे होते. कार्यक्रमाचं नाव करारामुळे लिहिता येत नाही. मला आधी वाटलं होतं, दोन्हीकडे इंग्रजीच बोलतात, चार शब्द बदलायचे आणि जाहिरातींसाठी जागा करायची. पहिल्या भागालाच सात आठवडे लागले.

मी मूळची कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं, त्यामुळे ठोकलेला पत्रा, पुट्टी आणि प्रायमरचा वास यातच लहानपण गेलं. हे काम मी हट्टानं मागून घेतलं त्याचं कारण तेच.

पहिल्या भागातली गाडी होती १९७६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी छपराची दोन माणसांची उघडी गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिका. म्हणजे मी ज्या कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती करायला बसले होते, त्यातल्या गाडीचीच एकदा अमेरिकन आवृत्ती झालेली होती. तिकडे १९७३ पासून बंपरचा कायदा आला. ताशी पाच मैलांच्या, म्हणजे आठेक किलोमीटरच्या धडकेत दिवे आणि महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा तो नियम. म्हणून १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि जाडजूड काळे रबरी बंपर आले. उंचीचे नियम पाळायला आख्खी गाडी इंच-दीड इंच वर उचलली, त्यामुळे ती वळणावर डोलायला लागली. धुराच्या नियमांमुळे अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्गचा बसवला, आणि इंजिनाची ताकद बरीच उतरली.

आमच्या भागातली गाडी अशी अमेरिकेला गेलेली आणि चाळीस वर्षांनी परत आलेली होती. ब्रिटिश भागाची सगळी गोष्ट म्हणजे तिच्यावरचे अमेरिकन बदल एकेक करून काढायचे. रबरी बंपर काढून क्रोमचे, गाडी पुन्हा खाली, कार्बोरेटर पुन्हा दोन, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे. सूत्रसंचालक तो काळा बंपर हातात धरून अमेरिकेला दोन शब्द ऐकवतो आणि फेकून देतो. ब्रिटिश प्रेक्षक तिथे हसतो. तेच दृश्य अमेरिकन घरात जसंच्या तसं कसं दाखवायचं?

आमच्या निर्मात्याचं म्हणणं, ते वाक्य काढून टाक. मला ते पटलं नाही. तिकडच्या एमजीबीवेड्यांना तो बंपर आवडतो असं थोडंच आहे, तेही क्रोमचे बसवतातच. टोमणा तेवढा काढला, आणि बंपर निघताना मागच्या निवेदनात तो कायदा कुठला, का आला आणि गाडी वर का उचलावी लागली हे तीन वाक्यांत सांगितलं. ब्रिटिश भागात ही माहिती नव्हतीच. अमेरिकेसाठी लिहायला लागल्यामुळे ती आली, आणि त्या दृश्याला वजन आलं असं मला आजही वाटतं.

शब्दांचं काम मात्र मी समजले होते त्याहून किचकट निघालं. सोपे शब्द सोपेच होते. ब्रिटिशांचा बूट म्हणजे अमेरिकेतला ट्रंक (आपली डिकी या दोघांपेक्षा वेगळी आणि सुटसुटीत), विंग, म्हणजे चाकावरचा पत्रा, तिकडे फेंडर, पान्याला स्पॅनरऐवजी रेंच, बॅटरीच्या ‘अर्थ’ला, म्हणजे अर्थिंगला, ग्राउंड, आणि दाराखालच्या पोकळ पत्र्याला, ज्याला ब्रिटिश सिल म्हणतात, तिकडे रॉकर पॅनेल. खरा घोळ झाला ‘हुड’ या शब्दाचा. अमेरिकन माणसाचा हुड म्हणजे आपलं बॉनेट. ब्रिटिश माणसाचा हुड म्हणजे उघड्या गाडीचं कापडी छप्पर. आणि गाडी नेमकी कापडी छपराची! सूत्रसंचालक सतरा वेळा हुड म्हणाला होता. एका ठिकाणी तो म्हणतो, हुड फाटलाय, नवा शिवून घेऊ. हे ऐकून ओहायोतल्या माणसानं काय समजायचं?

निवेदनातले हुड मी एका दुपारी बदलले. कॅमेऱ्यासमोर बोललेले कसे बदलणार? ओठ दिसतात. मग प्रत्येक जागा वेगळी पाहिली. त्याचा हात कापडावर आहे तिथे शब्द तसाच ठेवला, चित्रावरून कळतं. त्याची पाठ कॅमेऱ्याकडे आहे तिथे त्याला पुन्हा बोलावून ‘टॉप’ म्हणायला लावलं. दोन ठिकाणी काहीच करता येईना, तिथे वाक्यच कापलं.

गॅलनचा मुद्दा तर माझ्याही नजरेतून सुटणार होता. शेवटच्या फेरफटक्यात सूत्रसंचालक सांगतो की गाडी गॅलनला तीस मैल देते. मैल दोन्हीकडे सारखाच, पण ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५ लिटरचा. म्हणजे तिकडच्या हिशेबानं ती गाडी पंचवीस मैलच देते. आकडा तसाच गेला असता तर जाणकार प्रेक्षकानं बाकी कशावरच विश्वास ठेवला नसता.

एमओटीचंही तसंच. ही ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक तपासणी, १९६० साली सुरू झालेली. ब्रिटिश भागाचा शेवट त्या तपासणीवर येऊन थांबतो, पास की नापास? मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ती माफ झाली आहे, तरी आमचा वेल्डर गाडी तपासणीला नेतोच. अमेरिकेत अशी देशभर एकच तपासणी नाही. कॅलिफोर्नियात धुराची तपासणी आहे, काही राज्यांत सुरक्षेची आहे, काही राज्यांत काहीच नाही. म्हणून मी शेवट तपासणीवरून हलवून त्या वेल्डरवर आणला. कायदा विचारत नसताना एक माणूस आपलं काम दुसऱ्याच्या नजरेखालून घालतो. हे कुठल्याही राज्यात कळतं.

आता वेळेचं गणित. मूळ भाग ४७ मिनिटांचा. ब्रिटनमध्ये टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमनं चालतं. वाहिनीनं मागितलं २३.९७६ फ्रेमनं, आणि लांबी ४२ मिनिटं ३० सेकंद. २५ चं २३.९७६ करायचा सरळ मार्ग म्हणजे चित्र चार टक्के हळू चालवणं. तसं केलं की ४७ मिनिटांची ४९ होतात. म्हणजे मला सोहोतल्या यंत्रावर भाग ४० मिनिटं ४५ सेकंदांवर आणायचा होता, तेव्हा तो तिकडे ४२.३० भरणार. त्यात ब्रिटिश भागात जाहिरातींसाठी तीन थांबे होते, अमेरिकनात पाच. प्रत्येक थांब्याआधी पुढे काय होणार याची हूल द्यायची, थांब्यानंतर मागचं थोडं सांगायचं. त्यालाही वेळ लागतो. एकूण आठ मिनिटं बाहेर काढायची होती.

गाणीही गेली. ब्रिटिश वाहिन्यांचे संगीत-संस्थांशी ठोक परवाने असतात, त्यामुळे तिथे लोकप्रिय गाणी सहज वापरता येतात. अमेरिकेत प्रत्येक गाण्याची वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. आम्ही सगळं संगीत नव्यानं बसवून घेतलं.

आणि मग सिलचं भांडण.

ब्रिटिश भागात डाव्या बाजूची सिल बदलण्याचं दृश्य दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. गाडी विकणाऱ्यानं ती कॅलिफोर्नियाची म्हणून विकली होती, म्हणजे कोरड्या हवेतली, न गंजलेली. कागदांवर मात्र मॅसॅच्युसेट्स निघालं, जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. खालून ताजा काळा थर मारलेला. वेल्डर त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि तो मुठीपर्यंत आत जातो. वाहिनीकडून आलेल्या टिपणात लिहिलं होतं: स्क्रूड्रायव्हर ठेवा, वेल्डिंग वीस सेकंदांवर आणा, आणि सूत्रसंचालक आणि वेल्डर यांच्यात खर्चावरून वाद दाखवा. वाद झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशीचा सूत्रसंचालकाचा कपाळाला आठ्या घातलेला चेहरा इथे जोडा, असं सुचवलं होतं. वेगवेगळ्या जागची अर्धी वाक्यं शिवून नवं वाक्य बनवणं हे या धंद्यात सर्रास चालतं. त्या वेल्डरनं चाळीस वर्षं हे काम केलं होतं आणि कॅमेऱ्यासमोर तो कुणाला एक वाकडा शब्द बोलला नव्हता. त्याच्या तोंडी भांडण घालायला माझा हात धजेना.

त्या रविवारी बाबांना फोन केला. काम काय चाललंय ते विचारत होते, म्हणून सिलचं सांगितलं.

‘‘दारं काढून कापतोय काय?’’ त्यांचा पहिला प्रश्न.

‘‘नाही, लावलेलीच आहेत. आतून लोखंडी नळीचा आधार जोडलाय.’’

‘‘मग बरोबर हाय. छप्पर न्हाई त्या गाडीला. खालचा पत्रा कापला की मधनं बसतीय ती. आन् एकदा बसली की दार काय जन्मात लागत न्हाई बघ. दार बसतंय का ते बघायचं, बाकी कायबी बघू नको.’’

मी फोन ठेवला आणि सोमवारी ते दृश्य पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. बाबा म्हणत होते ते सगळं त्यात होतंच, आम्ही ब्रिटिश भागातही त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं. वेल्डर कापायच्या आधी दाराच्या कडेची फट तीन जागी मापतो आणि खडूनं आकडे पत्र्यावरच लिहितो. मग पुढच्या आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापतो, कारण सिल त्यांच्या मागे शिरलेली असते. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलनं उडवतो. नवी सिल चिमट्यांनी धरतो, दार लावून पाहतो, चिमटे सोडतो, केसभर सरकवतो, पुन्हा दार. मग इथे वेल्डिंगचा एक टाका, तिथे एक टाका, एका जागी उष्णता साचून पत्रा वाकू नये म्हणून. शेवटी दार लोटतो. ते एकाच आवाजात बसतं.

मी वाहिनीतल्या बाईंना लांब पत्र लिहिलं. तुम्हाला थांब्याआधी ताण हवाय, तो या पत्र्यातच आहे. सिल कापून झाली, गाडी नळीच्या आधारावर उभी, खडूचे आकडे दिसतायत, तिथे जाहिराती घ्या. दार बसणार की नाही एवढंच निवेदनात विचारा. थांब्यानंतर मला दीड मिनिट द्या. सोबत तसा कच्चा कट पाठवला. चार दिवस उत्तर नाही. मग एका ओळीत आलं: वाद काढा, दार ठेवा.

एकूण दोन मिनिटं पाच सेकंद राहिली. त्यासाठी मला सूत्रसंचालकाचा अ‍ॅबिंग्डनमधला फेरफटका पूर्ण काढावा लागला. कारखान्याच्या जागेवर तो उभा राहतो ते छान चित्रण होतं. त्याची हळहळ मला अजून आहे.

चार टक्के हळू केल्यावर आवाजही खाली येतो, हार्मोनियमवर बसणाऱ्याला लगेच कळेल इतका. बोलणं यंत्रानं पुन्हा वर चढवता येतं, पण ठोक्याचे आवाज त्यात फुटतात, दाराचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा झाला. आमच्या ध्वनिसंयोजकानं बोलणं आणि ठोके वेगळे केले आणि दाराचा मूळ आवाज न ताणता चित्राला लावून बसवला. इंजिनासाठीही तेच केलं. एमजीबीचं इंजिन रोज ऐकणारे लोक तिकडे हजारो आहेत, त्यांना ते जड वाटलं असतं.

इतकं करून पहिला भाग वाहिनीच्या तपासणीतून परत आला, आणि ती चूक माझी होती. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर खाली येणाऱ्या अक्षरांची फाईल मी जुन्या ब्रिटिश संहितेवरून करायला दिली होती. निवेदक म्हणतोय हुड, खाली अक्षरं बॉनेट. निवेदक टॉप, खाली हुड. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंत सगळा गोंधळ जसाच्या तसा पोचला असता. दोन रात्री बसून एकेक ओळ चित्राशी ताडून पाहिली. दुसऱ्या खेपेला भाग पास झाला.

प्रक्षेपणाच्या आधी वेल्डरला सोहोत बोलावून अमेरिकन आवृत्ती दाखवली. त्याच्या मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, बोलीखाली आम्ही अक्षरं घातली होती, मला त्याचा संकोच वाटत होता. तो त्यावर काही बोलला नाही. जाहिरातींच्या थांब्याची काळी पट्टी आली तेव्हा खुर्चीत पुढे सरकला, दार बसलं तेव्हा मागे टेकला. मग मला म्हणाला, मागच्या कडेला अजून एक मिलिमीटर काढायला हवा होता. आम्ही ते दृश्य पुन्हा लावलं आणि त्यानं तो मिलिमीटर मला दाखवला.