सोलर शेवटी, पंप आधी

सिडको असो की म्हाडा, नाशिकमधल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत वीजबचतीची मीटिंग सोलरनेच सुरू होते. पैसा वर्गणीतून उभा करायचा असेल तर आधी कॉमन मीटरवरचा पंप तपासा.

१६ घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला साधारण ११ हजार लिटर पाणी. मोटर-पंपाची मिळून कार्यक्षमता जेमतेम ३५ टक्के धरली तरी ते १८ मीटर चढवायला दीड युनिट पुरतं. दिवसा, जिन्यातले दिवे बंद असताना, पंप लावण्याआधी आणि टाकी भरल्यावर रीडिंग घ्या. आठवडाभर. रोज साडेचार युनिटं जात असतील तर पाणी किंवा पंप, दोन्हींपैकी एकात घोळ आहे. बहुधा टाकी वाहते, फ्लश गळतात, नाहीतर इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, झिजलेला असतो. दर वेळी प्रायमिंग करावं लागत असेल, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी ओतावं लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह (खालच्या टाकीतल्या पाइपाच्या टोकाची झडप) गेला समजा. आणखी एक प्रकार दुकानदाराच्या कृपेने होतो: ३० मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा, पंप गळ्यात मारलेला असतो आणि गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करून तो चालवला जातो. नेमप्लेटवर हेडची किमान-कमाल मर्यादा छापलेली असते. आपले १८ मीटर तिच्या मधोमध पडायला हवेत. फ्लोट स्विच स्वस्त असतो, तो लगेच बसवा.

जिन्यात चोकवाली ट्यूब ५० वॅट खाते, एलईडी २०. आठ दिवे १२ तास जळले तर ४.८ युनिटांचे १.९ होतात.

घरात ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा लावला, तर १२ तासांच्या वापराला महिन्याला १६ युनिटं वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो. ११५ युनिटं जाळणाऱ्या घराची जवळपास सगळी बचत त्या महागड्या टप्प्यातली असते.

ऊन परतवणाऱ्या, गच्चीच्या पांढऱ्या कोटिंगचा फायदा फक्त वरच्या मजल्याला, म्हणून वर्गणीवरून वाद ठरलेला. तरी स्लॅबचं आयुष्य सगळ्यांचंच. शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, भेगा पॉलिमर मॉर्टरने भरा, प्राइमर, मग दोन हात आडवे-उभे. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावलेला हात पकड घेण्याआधीच सुकतो आणि पापुद्रे निघतात. धूळ बसली की परिणाम घटतो, तेव्हा दिवाळीनंतर गच्ची धुवा.

आता सोलर. पंप आणि दिवे मिळून रोजची ९.३ युनिटं साडेतीनवर आली, आणि १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिटं देतं. म्हणजे अडीच किलोवॅटचं काम एका किलोवॅटवर भागतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. पॅनल कोटिंगनंतरच चढवा, टाकीच्या सावलीपासून दूर. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोक पाडून बसवू देऊ नका, पहिल्याच पावसात तिथून गळती लागते. काँक्रीटचे ठोकळे घ्या, पण त्यांचं वजन वळवाच्या वाऱ्याचा हिशोब करून ठरवलंय का, ते ठेकेदाराकडून लेखी घ्या.