फळ्यावरची बस

१९९०च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून सुटले, तेव्हा मी आपल्या शाळेत नववी 'ब'मध्ये होते. रविवारी रात्री बातम्यांत पाहिलेलं, म्हणून सोमवारी इतिहासाच्या तासाला कुणीतरी विचारलं, "बाई, नुसत्या रंगावरून माणसाला एवढा त्रास देतात?" वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, पोर्शन राहिलेला. तरी बाईंनी पुस्तक मिटलं. पुढचे चार तास आम्ही अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात होतो.

बाईंनी फळ्यावर बस काढली, छपरावरून पाहावी तशी. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या, मध्ये खडूची आडवी रेघ. काळ्या माणसाने तिकिटाचे पैसे पुढच्या दाराशी द्यायचे आणि पुष्कळदा खाली उतरून मागच्या दाराने चढायचं. ही रेघही पक्की नव्हती. पुढच्या जागा भरल्या आणि एखादा गोरा प्रवासी उभा राहिला, की ड्रायव्हर मधली अख्खी ओळ उठवायचा. बाई डस्टरने रेघ पुसायच्या आणि एक ओळ मागे आखायच्या. पुन्हा पुसायच्या, पुन्हा मागे. तिसऱ्या-चौथ्या वेळी वर्ग चिडीचूप झाला.

१ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी अशीच एक ओळ उठवली. तिघं उठले, चौथ्या प्रवासी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. "त्या दमल्या होत्या म्हणून बसून राहिल्या, असं उत्तरात कुणी लिहायचं नाही," बाईंनी बजावलं. "बारा वर्षं त्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेचं काम करत होत्या."

मग मागच्या बाकावरची मुलं म्हणाली, "बाई, आपण बाकांची बस करू ना!" आम्हाला वाटलं बाई खूश होतील. बाई म्हणाल्या, "नाही. बस फळ्यावरच राहील. कुणाला मागं बसवायचं, हे मी नाटकातसुद्धा ठरवणार नाही." आम्ही हिरमुसलो. त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, त्याबद्दल पुढे लिहिते.

नाटकाऐवजी बाईंनी आम्हाला ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल यंत्रापाशी नेलं. शिपाईकाकांनी स्टेन्सिल लावून दिलं आणि आम्ही पाळीपाळीने दांडा फिरवून शंभर कागद काढले. बोटांना शाई, कागद एकमेकांना चिकटलेले, दंड भरून आलेले. "आता असे हजारो, एका रात्रीत," बाई म्हणाल्या. पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने सोमवारी बसमध्ये चढू नका असं सांगणारी पत्रकं छापून काढली. एका कागदावर तीनदा मजकूर, मग कापायचा. मदतीला एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. हे तपशील मी मोठेपणी वाचले, पण वाचताना नाकात वास आला तो आपल्या ऑफिसातल्या शाईचाच. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. माणसं पायी गेली, कुणी आपल्या मोटारी काढल्या, आणि डिसेंबर १९५६मध्ये कोर्टाच्या निकालाने बसमधली ती रेघ गेली. चळवळ म्हणजे भाषणं आणि मोर्चे अशी माझी समजूत होती. ती त्या यंत्रापाशी मोडली.

चौथ्या तासाला बाईंनी ग्रंथालयातून जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आणली आणि एका मुलाला अर्पणपत्रिका वाचायला लावली. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना एक मराठी माणूस १८७३ साली आपलं पुस्तक अर्पण करतो! आमच्या अंगावर काटा आला. पण बाईंनी लगेच विचारलं, "गुलामी १८६५ला संपली, तर १९५५ला त्या बाईंना उठवलं का?" कुणालाच उत्तर येईना. मग त्यांनी महाड सांगितलं. तळं सगळ्यांना खुलं असा नगरपालिकेचा ठराव होऊनही १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं होतं. घरचा अभ्यास एवढाच दिला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, पूर्वी आपल्या गावात पाणी कोण कुठून भरायचं.

माझी आजी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "त्यांच्या घागरीत आम्ही वरनं ओतायचो. घागरीला घागर लागू नये म्हणून." मी जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी मार्क दिले नाहीत की शेरा लिहिला नाही, खाली फक्त तारीख आणि सही. ती वही माझ्याकडे अजून आहे.

पुढे मीही शिक्षिका झाले. काही वर्षांपूर्वी, एका शाळेत, मी बाईंचं ऐकलं नाही. कृतीतून शिक्षण म्हणून बाकांची बस केली, चिठ्ठ्या टाकल्या. 'काळे' अशी चिठ्ठी एका सावळ्या मुलीला आली आणि वर्गात खसखस पिकली. ती चिठ्ठीची घडी घालत राहिली, नखाएवढी होईपर्यंत. मधल्या सुट्टीतही मुलं तिला त्याच नावाने हाक मारत होती. चूक मुलांची नव्हती, माझी होती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मी बस फळ्यावरच काढते. क्लॉडेट कोल्विनबद्दलही सांगते. पार्क्सच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, पंधरा वर्षांची ही शाळकरी मुलगी जागेवरून उठली नव्हती, आणि पुढे कोर्टातल्या त्या दाव्यात तिने साक्ष दिली. हे ऐकताना नववीची पोरं ताठ बसतात. घरचा अभ्यास मात्र बाईंचाच देते. गेल्या वर्षी एका मुलाने लिहून आणलं: "माझी पणजी विहिरीपाशी रिकामी घागर ठेवून बसायची. कुणीतरी येऊन ओतेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं." मी ते दोनदा वाचलं, खाली तारीख घातली आणि सही केली.