रांगोळीच्या खोलीतला बाक

डिसेंबर सरत आला, की सोलापुरातल्या शाळांच्या मैदानांवरून लेझमीचा आवाज येऊ लागतो. स्नेहसंमेलन जवळ आल्याची ती खूण. नाटकाला, नाचांना, बक्षीस समारंभाला गर्दी होतेच. पण आम्हा चित्रकला शिकवणाऱ्यांच्या मनात घर करून राहिलंय ते वरच्या मजल्यावरच्या तीन वर्गांतलं चित्रप्रदर्शन आणि शेवटची, पंखे बंद केलेली रांगोळीची खोली.

चित्रं लावायचं काम आदल्या दुपारी सुरू व्हायचं. चुन्याच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टी टिकत नाही. चुन्याचा भुगा पट्टीला लागतो आणि ऊन चढलं, की चित्रं एकेक करून खाली येतात. त्यापेक्षा खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी ताणून बांधावी आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं अडकवावीत. दर पाच फुटांवर दोरीला खिळ्याचा आधार हवा, नाहीतर मधली चित्रं पोटात झुकतात. कागद बहुतेक चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या सरावातले, ११ बाय १५ इंचांचे. त्यांच्या मागे करडा कार्डशीट लावायचा तर वर आणि दोन्ही बाजूंना दोन इंच सोडावेत, खाली मात्र अडीच. चारही बाजू सारख्या ठेवल्या, तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवला, की सातवीतल्या मुलीलाही तो सोयीचा आणि तिच्या आजोबांनाही. पोस्टर कलरची चित्रं गुंडाळून ठेवली असतील, तर जाड रंगाला तडे गेलेलेच असतात. ती वर्षभर सपाट ठेवावी लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर बघणाऱ्याचा पाय चित्रापुढे थोडा अधिक थांबावा म्हणून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका चित्रापुढे किती वेळ उभे राहतात, याची मोजणी झाली होती. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. सरासरी २७ सेकंद, आणि त्यातच शेजारची पाटी वाचणंही आलं. जगातली नामांकित चित्रं समोर असताना ही गत, तर आठवी ब मधल्या मुलाच्या कुंडीला किती सेकंद मिळणार? संमेलनाची रांग पुढे सरकत असते, मागून कुणीतरी ढकलत असतं, खाली माइकवर नावं पुकारली जात असतात. त्यात नावाची चिठ्ठी चित्राच्या अगदी खाली लावली, की लोक आधी चिठ्ठी वाचतात, ‘अरे, हा तर आपल्या गल्लीतला’ म्हणतात आणि पुढे जातात. तीच चिठ्ठी उजवीकडे चार बोटं लांब आणि लहान अक्षरांत लावली, तर नजर आधी चित्रावर पडते.

त्याहून गुणाची ठरली ती प्रश्नांची चिठ्ठी. ‘या चित्रात किती वाजले असतील?’ ‘उजेड कुठून येतोय?’ ‘यातलं कोण घाईत आहे?’ चित्राला एकच प्रश्न, तोही उत्तर न देता. यामागे शास्त्र आहे. यार्बुस नावाच्या रशियन संशोधकाने रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र लोकांना वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. माणसांची वयं विचारली, की नजर चेहऱ्यांवर फिरे. घरची परिस्थिती विचारली, की कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, डोळ्यांची वाट निराळी. प्रश्नाची चिठ्ठी लावलेल्या चित्रापुढे रांग हमखास अडायची. नवराबायकोंत वाद व्हायचा. ‘अहो, सावली बघा की, सकाळ कशी असेल?’ असं ऐकू आलं, की दिवसाचं सार्थक झालं असं वाटायचं.

सोलापूरकरांची नजर मात्र आधीच तयार असते, आणि ती घडते कामातून. संकल्पचित्रांच्या भिंतीपुढे हे सगळ्यात स्पष्ट दिसायचं. तिथे नक्षीचा एक तुकडा पुन्हापुन्हा जोडून अख्खा कागद भरलेला असतो. शहराच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून आलेले, यंत्रमागावर किंवा नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर आयुष्य काढलेले आजोबा रंगांकडे नंतर बघतात. त्यांचा हात आधी हवेतच आडवा फिरतो: एक फूल, दुसरं फूल, तिसरं. मग एका जागी थांबतो. ‘इथं जोड चुकलाय की ओ.’ जवळ जाऊन पट्टी लावावी, तर खरंच दोन मिलिमीटरचा फरक निघतो. चादरीची नक्षी आलेख कागदावर चौकोन भरून आखतात, तिच्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. तिथे एक चौकोन चुकला, की ती चूक प्रत्येक नक्षीत उमटत जाते. ज्यांचा रोजगार त्यावर चालला, त्यांना कागदावरची चूक दुरूनही दिसते. ही नजर कुठल्याही कलासमीक्षकाच्या तोडीची आहे, असं आमचं ठाम मत आहे. त्या आजोबांना खुर्ची देऊन तासभर त्या भिंतीपाशी बसवावं आणि मुलांना त्यांच्याभोवती उभं करावं.

स्मरणचित्रांत दरवर्षी सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असायचीच. पाळणे, भोंगे, फुगेवाले, आणि नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक. तिथली प्रतिक्रिया वेगळी. लोक मोजायला लागतात. ‘नंदीध्वज सात असतात, यानं पाचच काढलेत.’ मानकऱ्यांची बाराबंदी पांढरीशुभ्र आहे का, काठी पेलणाऱ्याची कंबर मागे वाकली आहे का, हे बारकाईने तपासलं जातं. अशा बघण्याला नाक मुरडणारे भेटतात. चित्र म्हणजे काय हिशेबाची वही आहे का, असं विचारतात. आम्हाला ते पटत नाही. ओळखीची खूण शोधताना माणूस चित्रापाशी रेंगाळतो, आणि पाच काठ्या मोजून झाल्या, की सहावी काठी जिथे हवी होती तिथली मोकळी संध्याकाळ त्याला दिसते. मात्र त्याच रांगेत एखादं अमूर्त चित्र लावलं, की पाऊल अडखळतं. ‘हे काय आहे?’ १९१५ साली याच जिल्ह्यात, पंढरपुरात घोड्यांच्या चित्रांसाठी गाजलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले, त्यामुळे दोनचार रेषांतला घोडा इथे चालून जातो. नुसते रंगांचे पट्टे नाही. अशा चित्राजवळ उभ्या केलेल्या स्वयंसेवकाला एकच गोष्ट पढवायची: अर्थ सांगायचा नाही. ‘काका, तुम्हाला आधी कुठला रंग दिसला?’ एवढंच विचारायचं. काका उत्तर देतात, आणि उत्तर दिलं की थांबतात.

आता रांगोळीची खोली. व्यक्तिचित्राची रांगोळी साधारण चार बाय सहा फुटांची. आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायची. ओल राहिली, तर रांगोळी डाग धरते. छायाचित्रावर चौकोन आखून तेच फरशीवर सहा सहा इंचांचे करायचे, खडूने हलकी बाह्यरेषा काढायची आणि चाळणीने करड्या रांगोळीचा पातळ थर द्यायचा. रंग पांढऱ्या रांगोळीत नुसता कालवून भागत नाही, दोन्ही एकत्र दोनदा चाळावं लागतं. नाहीतर गालावर ठिपके दिसतात. काम पलीकडच्या टोकापासून आपल्याकडे सरकत करायचं. खिडक्यांच्या फटींना कागद, दाराला जाड पडदा, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. तरी एक चूक हमखास होते: रांगोळी ट्यूबलाइटखाली काढतात आणि दाखवतात पिवळ्या बल्बखाली. मग निळा मळकट होतो आणि कातडीचा रंग तापलेला वाटतो. ज्या उजेडात दाखवायची, त्याच उजेडात काढावी.

दुसरी अडचण नजरेच्या कोनाची. बघणाऱ्यांना अडवणारी दोरी रांगोळीपासून दोन फुटांवर आणि बघणाऱ्याचे डोळे पाच फुटांवर असतील, तर सहा फुटांपैकी जवळचे तीन फूट डोळ्यात सुमारे २३ अंश व्यापतात, लांबचे तीन जेमतेम १३. कपाळ पलीकडच्या टोकाला असतं, म्हणून ते चेपलेलं दिसतं आणि हनुवटी फुगते. जाणकार हात कपाळाची लांबी आधीच वाढवून घेतो. नवख्याच्या रांगोळीसाठी उपाय एकच, दोरीच्या बाहेर एक भक्कम बाक.

त्या बाकावर चढलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असायचा. खाली उभं असताना बाई म्हणालेल्या असतात, ‘छान काढलीय.’ बाकावर पाय ठेवतात, पदर सावरतात, मान खाली घालतात आणि तोंडावर हात जातो. श्वासाने उडेल म्हणून नव्हे. कळ फिरवल्यासारखा रांगोळीतला चेहरा एकदम जागेवर आलेला असतो. मग त्या खाली उतरून मागच्या बाईंना आपण होऊन हात देतात, ‘या, वर या, इथून बघा.’ लहान मुलांना उचलून घेतलं जातं. ‘ही खरंच रांगोळी आहे का?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी यायचा. त्याला तोंडी उत्तर पुरत नाही, म्हणून दाराशी त्याच रंगांच्या रांगोळीची एक थाळी ठेवलेली असायची. लोक चिमूट घेऊन बोटांत चोळायचे, त्यामुळे दोरीच्या आत हात जात नसे.

तिसऱ्या संध्याकाळी पाहुणे पांगले, की पंख्याच्या बटणावरची चिकटपट्टी निघायची. पंखा लावायच्या आधी मऊ केरसुणीने कडेकडून आत गोळा करत यायचं, चेहरा शेवटी. ते बघायला काही जण मुद्दाम थांबलेले असत. कुणी बोलत नसे. लाल, पिवळा, निळा एकमेकांत मिसळून फिकट जांभळट करडा ढीग व्हायचा. तो चाळून पत्र्याच्या डब्यात भरायचा आणि डब्यावर साल लिहायचं. पुढच्या डिसेंबरात फरशीवर पहिला थर त्याचाच पडायचा.