जावेची वाटणी

जुनी मोटारसायकल अपुरी असली की सल्ला देणारे मात्र पुरेपूर मिळतात. आमची जावा २५० मालवणजवळच्या आचऱ्याला, घरामागच्या मांगरात, म्हणजे झावळांच्या खोपटात, भिंतीला टेकून आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने काढलेली, साठच्या दशकातली, आप्पाकाकांची. टाकी आहे, इंजिन आहे, चाकं आहेत, हँडल तर झकास आहे. कार्बोरेटर नाही, स्पीडोमीटर नाही, सीट नाही, उजव्या बाजूचा सायलेन्सर नाही. आता ती पुरी करायची की खोलून एकेक पार्ट विकायचा, यावर घरात सगळ्यांची मतं आहेत. वेळ कुणालाच नाही.

चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून येतो, मांगराच्या दारात उभा राहून दोन फोटो काढतो, “दादा, विकू नको हां, आप्पांची आठवण आहे,” असं बजावतो आणि विसर्जन झालं की कोकणकन्येने परत जातो. आठवणीवरची झावळं बदलायचं काम माझ्याकडे. काकीचं म्हणणं जास्त सरळ. “माझ्या डोळ्यांसमोर खोलू नको, मागीर काय तां कर.” मला हे मत पटतं. त्यात निदान गाडीच्या नावाने गळा काढलेला नाही.

पुरी करणं किंवा खोलणं, यापेक्षा आमच्याकडे तिसराच पर्याय लोकप्रिय आहे. नुसती ठेवून द्यायची. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलाने आचऱ्याची गावपळण होते, तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो. जावा तेव्हाही जागची हलत नाही. पण ठेवली म्हणजे राहिली असं खाऱ्या वाऱ्यात होत नाही. जावेच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे पट्टे असतात, त्यावर गुडघ्यांसाठी रबरी पॅड. क्रोमचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ, त्याखाली निकेल आणि त्याखाली साधा लोखंडी पत्रा. डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांतून मीठ आत शिरतं आणि पत्रा खालून गंजायला लागतो. लांबून पट्टा चकाकतो. हात फिरवला की बोटांना पुटकुळ्या लागतात, नखाने टोकरलं की पापुद्रा सुटतो आणि त्याच्या पाठीला तांबडी पूड असते. ही पूड दर पावसाळ्यात वाढते. म्हणजे आम्ही ठरवेपर्यंत वारा आपलं काम करतोच आहे.

पार्ट गेले कुठे, हा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. आम्हाला सगळं माहीत आहे. कार्बोरेटर वाडीतल्याच दुसऱ्या जावेला गेला, चार दिवसांच्या बोलीवर. स्पीडोमीटर शिमग्याला आलेल्या एका पाहुण्याने नेला, तोही जावावालाच. सीट कुणी नेली ते कुणी कबूल करत नाही, पण बंदरावरच्या एका चहाच्या टपरीत बाकड्यावर ठोकलेली एक लांबट गादी मला फार ओळखीची वाटते. यातलं काहीही चोरीला गेलेलं नाही. आप्पाकाकांनी हाताने खोलून दिलं. समोरच्याची गाडी अडली आहे आणि आपली तर बंदच आहे, एवढा त्यांचा हिशेब. बदल्यात बांगडे येत, कधी काजू, बहुतेक वेळा काहीच नाही. तेव्हा ‘काकांनी जपलेली गाडी’ असं आम्ही ज्या गाडीला म्हणतो, ती काकांनीच निम्मी वाटून टाकली होती. खोलायचं पाप माझ्या माथी येणार म्हणून मी उगीच घाबरत होतो. शुभारंभ कधीचाच झालेला आहे.

आणि उलट्या बाजूने पाहिलं तर आमचेही हात काही कोरडे नाहीत. मांगर उपसताना सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सालांच्या ढिगाखाली एक सायलेन्सर सापडला. आनंदाने पुसून पाहिला, तर डावा. डावा गाडीला आहेच. हा कुणाचा, कधी आला, कुणालाच आठवत नाही. कुठल्या तरी गावात एक जावा याच्यावाचून उभी असणार आणि तिथलाही कुणी पुतण्या डोकं खाजवत असणार. जुन्या गाड्यांचं सगळं असंच चालत आलेलं आहे. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला, त्यानंतर रस्त्यावर जी जुनी जावा किंवा त्याच कारखान्याची येझदी दिसली, तिच्यात बहुधा दुसऱ्या एखाद्या खोललेल्या गाडीचं काही ना काही होतंच. खोलणाऱ्याला कसाई म्हणणारे जुन्या गाड्यांच्या रॅलीत ज्या गाडीवर बसून येतात, तिचा मडगार्ड कुठून आला ते त्यांनी एकदा आपल्या मिस्त्रीला विचारावं.

मला हे सगळं आपल्या सातबाऱ्यासारखं दिसतं. जमीन एका ठिकाणी, नावं वीस, त्यातली अर्धी मुंबईला. कलमाची एक फांदी तोडायची तर संमती हवी आणि संमती घ्यायला माणूस हवा. गाडीचंही तेच. आरसी बुकावर नाव काकांचं आणि शिक्का रत्नागिरीचा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला आणि गाडी त्याआधीची. काका गेल्यानंतर नाव चढवायचं राहूनच गेलं. त्यासाठी फॉर्म ३१ असतो, वारसाने भरायचा. म्हणजे गाडी काकीची, मत चुलतभावाचं आणि उंदीर मारायचं काम माझं.

कणकवलीच्या मिस्त्रीने गाडीकडे बघायच्या आधी मला विचारलं, “कागद आसत काय? पयले कागद दाखव, मागीर गाडी.” शहाणा माणूस. कागद नसलेली जुनी गाडी कितीही चकाचक केली तरी ती अंगणातच फिरवायची. आमच्याकडे बुक आहे, एका कोपऱ्यात वाळवी लागलेलं, पण चेसिस नंबर आणि इंजिन नंबर वाचता येतात आणि दोन्ही गाडीवरच्या नंबरांशी जुळतात. हे जुळलं आणि मिस्त्रीने पहिल्यांदा उकिडवं बसून इंजिनाला हात लावला. खोलून विकली तरी कागद सुटत नाही, हेही त्यानेच सांगितलं. घरी येऊन मी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५५ काढून वाचलं. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर ते कळवायचं आणि नोंदणीचं बुक परत करायचं. बऱ्याच खोललेल्या गाड्या कागदोपत्री अजून रस्त्यावर धावत असणार.

नंबर जुळले म्हणून एकाने मला थेट विंटेज नोंदणीच सुचवली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ती गाडी रोज चालवायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला बंदरावर मासे आणायला जायचं आहे.

पैशाचा हिशेब सगळ्यांना सोपा वाटतो, तो तसा नाही. खोलून विकायलासुद्धा गाडी पुरी असावी लागते. ज्याला भाव आहे ते आमचं आधीच गेलेलं. एक गृहस्थ गोव्याहून आले. त्यांना फक्त टाकी आणि हेडलाइटचं खोळ हवं होतं, बाकी “तुमच्याकडेच राहू दे” म्हणाले. असा प्रत्येक जण टाकीच मागणार आणि शेवटी माझ्याकडे सांगाडा उरणार, तो किलोवर भंगारवाल्याला. दुरुस्तीचंही तसंच, अपुऱ्या गाडीला पुरी करणं पुरी गाडी विकत घेण्याहून महाग पडतं. दोन्हीकडून तोटा. मग पैसा बाजूला ठेवून काय ते ठरवायचं राहिलं, आणि त्यासाठी काही रामेश्वराला कौल लावणार नव्हतो.

कौल इंजिनाने दिला. जावेचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत दाबली जाते आणि मग वर जाते. क्रँककेस हवाबंद नसेल तर गाडी मेली. तिचे दोन अर्धे जोडीनेच तासलेले असतात, एकाला तडा गेला की दुसऱ्या गाडीचा अर्धा आणून बसवला असं धड होत नाही. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं असं की क्रँककेस शाबूत आणि पिस्टन सुटणारा असेल तर गाडी करू, नाहीतर खुशाल खोल. क्रँककेसवर ॲल्युमिनियमची पांढरी पूड होती, तडा नव्हता. पिस्टन मात्र गच्च. प्लग काढून भोकातून डिझेल ओतलं आणि वाट पाहत बसलो. शेजारच्या आजोबांनी टाकीच्या गंजावर कोकमाचं आगळ ओतायला सांगितलं. आंबट आहे हे खरं, पण आगळात मीठ असतं आणि मिठाचंच तर हे सगळं चाललं आहे.

हातोडी लावायची नाही, अशी मिस्त्रीची सक्त ताकीद. गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे झुलवत राहायचं, रोज थोडं. मी झुलवत राहिलो. एके सकाळी चाक नेहमीच्या जागी अडलं नाही, बोटभर पुढे सरकलं, प्लगच्या भोकातून काळपट डिझेल उडून शर्टावर आलं आणि काकी ओट्यावरून ओरडली, “काय रे मोडलंस?”

तर गाडी होणार. शोरूममधून आणल्यासारखी करायची नाही. सिलिंडर बोअरिंगला आणि क्रँकशाफ्ट प्रेसवर खोलून नवा कनेक्टिंग रॉड घालायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाईल, तिथे लेथवर बसलेली माणसं या कामाची आहेत. क्रोम आहे तसंच, पुटकुळ्यांसकट, त्यावर पुन्हा पैसे घालून वाऱ्याला खायला देणार नाही. पेट्रोलचे रबरी पाइप आणि कॉकचे वायसर नवे, कारण आताच्या पेट्रोलात २०% इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. चुलतभावाला खर्चाचा आकडा कळवला आहे, तेव्हापासून त्याचा फोन नाही.

कार्बोरेटरवाल्या घरी जाऊन आलो. त्यांची जावा अजून चालते, आमच्याच कार्बोरेटरवर. तो परत मागण्यात अर्थ नव्हता, चहा घेऊन आलो. तेव्हा कुणाकडे जावा २५० चा कार्बोरेटर पडून असेल, झडलेला का असेना, तर सांगा. स्पीडोमीटरही चालेल, काटा नसला तरी. पैसे देईन, किंवा बदल्यात डाव्या बाजूचा एक सायलेन्सर, थोडे पोचे आलेला, घासून ठेवला आहे.