‘अ‍ॅलर्जी’ असं लिहून आणा

आमच्या होस्टेलच्या कार्यालयाला एक खिडकी आहे, दुपारी तीन ते पाच उघडी असते. मेसच्या जेवणात बदल हवा असेल तर अर्ज तिथं द्यायचा. एका सत्रात मी त्या खिडकीवर नऊ वेळा गेले. पोट दुखत असताना गेले, लेक्चर बुडवून गेले, शेवटी आप्पांना मंगळवेढ्याहून बोलावून घेतलं. त्या नऊ चकरांत जे कळलं ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझे अडीच महिने वाचले असते, म्हणून लिहितेय.

मला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आमच्याकडं घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पोळी सणावाराला, त्यामुळं इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. पुण्यात आले तर मेसला दोन्ही वेळा पोळ्या, नाश्त्याला उपमा नाहीतर ब्रेड. वर्षभरात आठ किलो वजन उतरलं, हिमोग्लोबिन साडेसातवर आलं, लोहाच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडेना. सुट्टीत सोलापूरच्या डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ताची तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतला. निदान पक्कं झालं. यावर औषध नाही, गहू जन्मभर बंद. हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं.

खिडकीवरच्या अर्जात तीन चौकोन होते: शाकाहारी, मांसाहारी, जैन. खाली एक ओळ, ‘अन्नाची अ‍ॅलर्जी असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.’ मी जोडलं. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं की सीलिअ‍ॅक आजार आहे, आजन्म ग्लुटेनविरहित आहार आवश्यक आहे. खिडकीतल्या सरांनी कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला.

“यात अ‍ॅलर्जी कुठं लिहिलंय?”

“सर, ही अ‍ॅलर्जी नाही. पण गहू अजिबात चालत नाही मला.”

“अ‍ॅलर्जी नाही ना? मग यात बसत नाही. ‘अ‍ॅलर्जी’ असं लिहून आणा.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तसं लिहिणार नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार, त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, दम लागतो, जीवावरही बेतू शकतं. सीलिअ‍ॅकमध्ये आतडं हळूहळू खराब होतं. चुकीचं निदान माझ्या कागदांवर एकदा चिकटलं की पुढचा डॉक्टर त्यावरूनच चालणार. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. पण जेवणाच्या वेळी ताटात पोळीच होती.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सर रजेवर. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “किती दिवसांसाठी?” अर्जात ‘दिनांक पासून’ आणि ‘दिनांक पर्यंत’ असे दोन रकाने होते. दुसऱ्यात मी ‘आजन्म’ लिहिलं होतं. तारीखच पाहिजे म्हणाले. चौथ्यांदा सांगितलं की खाजगी डॉक्टरचं चालत नाही, सरकारी दवाखान्याचा शिक्का आणा. तिथं मी घाबरतच गेले होते. केसपेपर काढला, डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचले आणि दुसऱ्या दिवशी शिक्क्यासकट प्रमाणपत्र हातात दिलं. त्यातही ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द नव्हता. पाचव्या चकरेला सर म्हणाले ठेवून जा, साहेबांना दाखवतो. सहाव्या चकरेला अर्ज सापडेना. मी पोच घेतली नव्हती. सगळं पुन्हा भरलं.

हे अडीच महिने मी भात, दही, केळी, उकडलेली अंडी आणि चुरमुऱ्यांवर काढले. आमटी घ्यायचे, आणि तिथंच चुकत होते. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि बऱ्याच डब्यांवर ते गव्हाचं असल्याचं लिहिलेलं असतं. मला हे ठाऊकच नव्हतं. पथ्य पाळूनही पोट का फुगतंय म्हणून रात्री रडायचे. मेसच्या भिंतीवर 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाची पोस्टरं अजून आहेत, ज्वारी, बाजरी, नाचणीची मोठमोठी चित्रं, आणि त्याच भिंतीखाली मी भाकरीसाठी अर्ज घेऊन फिरत होते. त्याचा राग मला आजही येतो.

मार्ग आप्पांनी काढला. त्यांनी तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काढलीत, कागदाची भाषा त्यांना कळते. ते खिडकीवर अजिबात भांडले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, “त्यांना खोटं नकोय बाळा, त्यांना तो शब्द कागदावर दिसायला पाहिजे.” मग सोलापूरच्या डॉक्टरांनी नव्या प्रमाणपत्रात एक वाक्य घातलं: ‘हा आजार अन्नाची अ‍ॅलर्जी नसला तरी अ‍ॅलर्जीच्या रुग्णाइतकेच काटेकोर पथ्य आवश्यक आहे.’ अक्षर न् अक्षर खरं. ‘पर्यंत’च्या रकान्यात आम्ही शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा महिना टाकला. सरांनी ‘अ‍ॅलर्जी’ शब्दाखाली पेनानं रेघ मारली, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. पाच मिनिटं लागली. मला आप्पांचा इतका अभिमान वाटला की स्टँडवर त्यांना सोडताना बोलवेना.

तर पहिली गोष्ट, अर्जातला शब्द आधी वाचा आणि तो खऱ्या वाक्यात कसा आणता येईल हे डॉक्टरांना विचारा. आणि प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोच घ्या, आवक क्रमांकासकट. एरवी कागद हरवला तर तुम्ही तो दिलाच नव्हता असं होतं.

मंजुरी मिळाली तरी ताट बदलायला आणखी आठवडा गेला. मेसच्या मावशी मायाळू, पण ‘गहू चालत नाही’ म्हणजे ‘पोळी नको’ असं त्या समजल्या. भाकरी मोडू नये म्हणून ज्वारीत मूठभर कणीक घालत होत्या, पोळ्यांच्याच तव्यावर टाकत होत्या. ग्लुटेन, आतडं, कण, मी सगळं सांगून पाहिलं. मग एकादशी आली. उपवासाची भगर वेगळ्या पातेल्यात, वेगळा डाव, जवळ कुणाला फिरकू देईनात. मी म्हटलं, “मावशी, माझा रोज असाच उपास आहे समजा. पोळीचा हात भगरीला लावाल का?”

“छे गं, मोडेल की उपास!” म्हणाल्या, आणि थांबल्या. मग हळूच विचारलं, “तुला एवढंसं पण चालत नाही होय?”

दुसऱ्या दिवसापासून माझा तवा वेगळा झाला. तवा मीच विकत आणला. तांदळाच्या पिठातला हिंगही मीच आणून दिला, आता सगळ्यांच्या वरणात तोच पडतो. भजी बेसनाची असली तरी पुऱ्या तळलेल्या तेलातली नको हेही त्यांना कळतं, माझ्याआधी त्याच ओरडतात.

पीठ घरून येतं. ज्वारी तर आमच्याकडं मंगळवेढ्याची मालदांडी, पण गिरणीत गव्हामागून दळली तर उपयोग नाही, जात्यात गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. आई शेजारच्या काकूंच्या घरघंटीवर दळते, त्या काकू आता गहू बाहेर दळून आणतात. विकतच्या पुड्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणं किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. नुसतं ‘ज्वारीचं पीठ’ लिहिलेल्या पुड्याला ती खात्री नसते. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, माल्टच्या पावडरी जवाच्या असतात. चायनीजच्या गाडीवर मी आता मैत्रिणींसोबत नुसती उभी राहते.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: तुम्हाला सीलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच बंद केलात तर रक्तात आणि तुकड्यातही आजार दिसेनासा होऊ शकतो, मग निदानासाठी पुन्हा गहू खावा लागतो. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या, त्यांनाही असण्याची शक्यता जास्त असते. माझ्या धाकट्या भावाची केली, त्याला नाही निघालं. त्या दिवशी आईनं पोटभर जेवण केलं.

माझं हिमोग्लोबिन आता साडेअकरा आहे, पाच किलो वजन परत आलं. ज्या अडीच महिन्यांत मी मेसचं जवळजवळ काहीच खाल्लं नाही, त्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून वेगळा अर्ज केलाय. सर म्हणाले, परताव्याच्या अर्जाला ‘गैरहजेरीचे कारण’ लागतं, आणि मी तर हजर होते. आवक क्रमांक माझ्याकडं आहे. सोमवारी तीनला पुन्हा जाणार आहे.