न्यूपोर्टला एका दिवसात दोनच हवेल्या बघा

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला गेलं की एका दिवसात चार-पाच हवेल्या उरकायचा मोह होतो. तिसरीपासून संगमरवर, मुलामा, झुंबरं सगळं सारखंच दिसायला लागतं आणि पायांचे तुकडे पडतात. सकाळी 'द ब्रेकर्स', दुपारी 'द एल्म्स' आणि मध्ये क्लिफ वॉक, म्हणजे समुद्रकाठच्या कड्यावरची पायवाट, एवढंच ठेवा.

बॉस्टनहून गाडीने साधारण दीड तास. २४ नंबरच्या रस्त्याने आलात तर टोल लागत नाही. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडून येताना पेल ब्रिज ओलांडावा लागतो. ऱ्होड आयलंडचाच ई-झेडपास (टोल आपोआप भरणारं, गाडीत लावायचं यंत्र) नसेल तर टोल जास्त लागतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी बंदराजवळच्या थेम्स स्ट्रीटवर गाडी घालू नका. थेट ब्रेकर्सला जा, तिथे पाहुण्यांसाठी पार्किंग आहे. हवेल्यांची माहिती मोबाइलवर ऐकायची असते, तेव्हा प्रत्येकाचे इयरफोन घ्या आणि फोन पूर्ण चार्ज करा.

ब्रेकर्स ही रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट दुसरे यांची ७० खोल्यांची 'कॉटेज' (उन्हाळी हवेल्यांना हे धनिक असंच म्हणायचे), १८९५ साली पूर्ण झालेली. आधीचं लाकडी घर १८९२ मध्ये जळालं. म्हणून वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट यांनी नवीन सांगाड्यात लाकूड टाळलं आणि बॉयलरही घरापासून लांब ठेवला. दिवाणखान्यात सगळे थांबतातच. वरच्या न्हाणीघरातही थांबा. टबाला चार नळ आहेत: गोड्या पाण्याचे गार आणि गरम, समुद्राच्या पाण्याचे गार आणि गरम. टब अख्ख्या संगमरवराचा, त्यामुळे दगड तापेपर्यंत तो गरम पाण्याने भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. हे काम कोण करत होतं, ते एल्म्समध्ये कळतं.

क्लिफ वॉक साडेतीन मैलांचा, फुकट. मेमोरियल बुलेवार्डपासून रगल्स अ‍ॅव्हेन्यूपर्यंत वाट सोपी आहे. पुढे मात्र ओबडधोबड खडक. ते ओले असले की पाय हमखास घसरतो. लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर रगल्सलाच वळा. २०२२ मध्ये 'फॉर्टी स्टेप्स' या समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ वाटेचा तुकडा समुद्रात कोसळला होता, तेव्हा तिथल्या पाट्या वाचूनच पुढे जा. वाटेवरून ब्रेकर्सची हिरवळ दिसते, पण आत शिरता येत नाही. प्रवेश ओकर पॉइंट अ‍ॅव्हेन्यूवरच्या फाटकातून.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: क्लॅम चावडर दिसायला बटाट्याचं दाट सूप, पण त्यात शिंपल्या असतात, बऱ्याचदा बेकनही. डबा आणला असेल तर समुद्रकाठच्या ब्रेंटन पॉइंट उद्यानात गवतावर बसा. वारा जोराचा असतो, जाकीट हवंच.

एल्म्सला नुसतं साधं तिकीट काढू नका. नोकरांच्या जीवनावरच्या टूरचं तिकीट वेगळं असतं, जागा मोजक्या, म्हणून आधीच काढा. जिने बरेच चढायचे आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी खालचे मजलेच बघावेत. १९०१ सालचं हे घर कोळशाचे व्यापारी एडवर्ड बर्विंड यांचं. शेजारच्या रस्त्यावरून भुयारातून, रुळांवरच्या छोट्या गाडीने कोळसा तळघरात यायचा, म्हणजे बागेतल्या पाहुण्यांना काळा कणही दिसायला नको. नोकरांच्या खोल्या गच्चीच्या कठड्याआड लपवलेल्या आहेत. रस्त्यावरून बघितलं तर तिथे मजला आहे हेच कळत नाही. म्हणून आत जाण्याआधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर एकदा बघून घ्या.